बाटलीतला केवडा

वाचनालयाच्या बाईंनी दिवाळी अंकात लिही म्हनलं तवा मी आधी न्हाईच म्हनले. अंकात लिहिनारी मानसं रिटायर झालेली असत्यात, मास्तर, डॉक्टर, पोस्टातली. मी अजून तिशीची बी न्हाई, शाळा नववीत सुटली, लेक अंगनवाडीत जाते आन कामाला लागून मला पाच वर्सं बी झाली न्हाईत. बाई म्हनल्या, तू जशी बोलतीस तशी लिही, मी एका काना-मात्रेला हात लावनार न्हाई. मंग लिहिते. भ्या वाटतंय तरी लिहिते. तसं मला भ्या कशाचं वाटत न्हाई ते सांगा, कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, आन कामावर तर मानसाएवढा कुकर हाय.

माझं काम उसाची रोपं बाटलीत वाढवायचं. श्रीगोंद्याच्या अलीकडं, कारखान्याच्या रस्त्याला एक लॅब हाय, तिथं आमी चौदा बाया काम करतो. लोकं तिला उसाचा दवाखाना म्हनत्यात, कारन आमी टोप्या, मास्क आन पांढरे कोट घालून फिरतो. उसाचा शेंडा घ्यायचा, एकेक पान सोलत आत जायचं, सगळ्यात आत खसखशीच्या दान्याएवढा कोंब असतो, तो ब्लेडनं उचलायचा आन बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा. जेली म्हंजे साखर, बारीक बारीक खतं, थोडं फुटव्याचं औषध आन घट्ट व्हायला चायना ग्रासवानी एक पावडर. त्या कोंबाला फुटवे येत्यात, फुटव्याला फुटवे, दर तीन आठवड्याला ते फोडून नव्या बाटलीत लावायचे. पुरे झाले की मुळ्या धरायच्या, मंग शेडनेटमधी ट्रेमधी लावायचे, मंग शेतकऱ्याच्या शेतात. एका शेंड्यापासनं एवढी रोपं हुत्यात की ऐकनाराला खोटं वाटतं.

शेतकरी लॅब बघायला येत्यात. एकदा एक म्हातारे बाबा आले, काचेतनं लई वेळ बघत बसले आन म्हनले, "म्हंजे ह्या उसाला बाप न्हाई?" आमी सगळ्या मास्कच्या आत हसाया लागलो. शालनताई म्हनल्या, "बाबा, तुमी कांडी लावताय तिला तरी बाप कवा हुता?" बाबा बी हसले. मंग म्हनले, ती जेली जरा चाखाया द्या.

शालनताई म्हंजे आमच्या मीडिया रूमच्या बाई. जेलीला मीडिया म्हनत्यात. ती बनवायची, बाटल्यात भरायची, जंतू मारायला कुकरला लावायची, हे सगळं त्यांच्या हातात. लॅब उघडली तवापासनंच्या त्या हायेत, घरी दोघंच, त्या आन त्यांचे आजारी मालक. त्यांच्यावर आमच्या मॅडम. मॅडम नगरच्या, लई शिकलेल्या, बोलतात कमी आन बघतात जास्त, आन मला तेच बघनं नको वाटायचं.

मी कामाला लागले तवा लेक दीड वर्साची हुती. सासूबाई तिला सांभाळायच्या, मी त्यांना आत्या म्हनते. सहा महिने बघू, मंग कायम करू, असं मॅडमनी सांगितलेलं. त्या सहा महिन्यात मी काय काय केलं ते आता सांगते.

पहिल्या आठवड्यात माझ्या ट्रे-च्या ट्रे बुरशीनं गेल्या. काळी, हिरवी, कापसासारखी, बाटली उघडली की नाकात जाईल अशी. बाकीच्यांच्या बाटल्या चांगल्या, माझ्याच खराब. मी बांगड्या काढत हुते, स्पिरिटनं कोपरापर्यंत हात पुसत हुते, मंगळसूत्र कोटाच्या आत टाकत हुते, सगळं सांगितलं तसं. मॅडम माझ्या पाठीमागं येऊन हुभ्या राहिल्या. मी ब्लेड दिव्यावर धरलं, लाल झालं, आन मास्क खाली ओढून त्याच्यावर फुंकर मारली. "हे काय केलंस?" मॅडम म्हनल्या. मी म्हनले, गरम हुतं ना. मला कळलंच नव्हतं मी फुंकते ते. चुलीवरचा घास फुंकायचा, लेकीचं दूध फुंकायचं, तिला लागलं तरी फुंकायचं, आईच्या तोंडाला तेच वळन लागलेलं. मॅडमनी सांगितलं, तुझ्या एका फुंकरीत जे काय असतं ते त्या बाटलीतल्या साखरेवर आठ दिवसात बाग करतं. तवापासनं ब्लेड गार हुईस्तोवर मी तोंड मिटून मनात दहा मोजते. अजून मोजते.

मंग मोजायच्या काचेच्या नळ्या फुटल्या माझ्याकडनं, एकामागं एक. मॅडम म्हनल्या, "मनीषा, दोन झाल्या." येवढंच म्हनल्या. पन मी तवापासनं काच दिसली की आंग चोरून चालायचे.

आता पेशीचं सांगते, कारन त्याच्याबिगर पुढचं कळनार न्हाई. आठवीला आमाला धडा हुता, पेशी आन पेशीअंगके. मी त्याचं चित्र लई भारी काढलं हुतं, रांगोळीवानी, रंग भरून. नावं एक बी लिहिली न्हाईत, कारन आंतर्द्रव्यजालिका हे नाव बघूनच मला घाम आला हुता. बाईंनी चित्र सगळ्या वर्गाला दाखवलं आन शून्य दिलं. मंग मला वाटायचं पेशी हे शिकलेल्यांचं काम हाय.

एक दिवस जेवनाच्या सुट्टीत शालनताईंनी घरनं ऊस आनला हुता. आमी पायरीवर बसून सोलून खात हुतो आन मॅडम बी येऊन बसल्या, हातात कांडं घेतलं. खाता खाता म्हनल्या, "आता तुम्ही काय गिळलं आणि काय थुंकलं, सांगा." आमी म्हनलो, रस गिळला, चोथा थुंकला. मॅडम म्हनल्या, रस म्हंजे रिक्तिका आन चोथा म्हंजे पेशीची भिंत. मी चावायची थांबले. त्यांनी सांगितलं, उसाच्या पेरात डोळ्याला न दिसनाऱ्या बारक्या बारक्या पेशी हायेत, एकीला एक चिकटून, आन प्रत्येकीच्या पोटात एक मोठी पान्याची पिशवी हाय, तिला रिक्तिका म्हनत्यात, साखर तिच्यात साठती. कारखान्यात गाळप हुतं म्हंजे ह्याच पिशव्या फुटत्यात. आन बाहेरची भिंत कडक, तीच चिपाड हुती. मी पंचवीस वर्सं, म्हंजे जन्मल्यापासनं म्हना, ऊस खात आले, आन मला कुनी हे सांगितलं नव्हतं. मला आठवीतल्या त्या चित्राचा लई राग आला. त्याला चव नव्हती.

मंग मी रोज एक इचारायची. भीत भीत, पन इचारायची. केंद्रक म्हंजे काय? तर पेशीतली ती गोळी जिच्यात ऊस कसा करायचा ते सगळं लिहिलेलं हाय. पानाच्या पेशीत बी तेच लिहिलेलं, मुळीच्या पेशीत बी तेच, म्हनूनच खसखशीएवढ्या तुकड्याला अख्खा ऊस हुता येतं. रायबोसोम म्हंजे बारीक दाने, केंद्रकातनं निरोप आला की त्याबरहुकूम ते प्रथिनं जोडून देत्यात. ती आंतर्द्रव्यजालिका, जिला मी घाबरले हुते, ती म्हंजे पेशीतले बोळ, तिथनं माल हिकडचा तिकडं जातो. गॉल्जी नावाच्या चपट्या पिशव्या असत्यात, त्या माल बांधून कुठं पाठवायचा ते ठरवत्यात. ह्यातलं निम्मं तर मी चौदा बायांच्या लॅबमधी रोज बघत हुते.

पन मला दोन लई आवडले. एक हरितलवक. हिरवे दाने, पानाच्या पेशीत, ऊन घेतात, पानी घेतात, हवा घेतात आन साखर करत्यात. कारखान्याच्या रस्त्याला राहनारी मी, मला वाटायचं साखर कारखाना करतो. कारखाना नुसता काढतो, करनारं हे हिरवं. आन दुसरी तंतुकणिका. ती साखर जाळून ताकद काढती, बॉयलरवानी. तुमच्यात बी हाय, माझ्यात बी, उसात बी. आन मॅडमनी सांगितलं की मानसाच्या लेकराला तंतुकणिका आईकडनंच येत्यात, बापाकडनं न्हाई. त्या दिवशी घरी गेले तर आत्या शेजारनीला सांगत हुत्या, पोरगी नाकाडोळ्यानं सगळी आमच्यावर गेली, आईचं काय घेतलं न्हाई. पोरगी आंगनभर पळत हुती, धापा टाकत, थांबायचं नाव न्हाई. मनात म्हनले, नाक तुमचं असू द्या, बॉयलर माझा हाय.

आता मूळ गोष्ट.

मीडिया रूमची एक बाई लग्नाला गेली म्हनून मला आठ दिवस शालनताईंच्या हाताखाली दिलं. त्यांनी मला सगळं दाखवलं, कुठली बाटली कवा, किती. जेलीत घालायच्या लोखंडाच्या पान्याची बाटली तपकिरी काचेची, फ्रीजमधी ठेवायची, घालून झाली की लगेच परत आत. त्या म्हनल्या, हिला उजेड सोसत न्हाई. का सोसत न्हाई ते मी इचारलं न्हाई, आन तेवढंच एक न्हाई इचारलं.

शनवारी फ्रीज पुसायचा असतो. शालनताई कुकर उतरवायला मागं गेल्त्या. मी तपकिरी बाटली उचलली आन ती नळाला टेकली, नुसती टेकली, आन गळ्यापासनं खालपर्यंत चीर गेली. पिवळं पानी थेंब थेंब बाहेर यायला लागलं. मला कानात मॅडमच्या आवाजात "तीन झाल्या" ऐकू आलं. दूध भरून आलं हुतं त्या वेळी, कोट ओला झालेला, लेक आठवत हुती, मला काय सुचेना. कोरडी पांढऱ्या काचेची बाटली हुती, तिच्यात ते सगळं ओतलं, जुनं लेबल नखानं काढून हिला चिकटवलं. ही बाटली उंच, फ्रीजच्या कप्प्यात बसंना. मंग खिडकीच्या फळीवर बाकीच्या बाटल्यात ठेवली. चिरलेली तपकिरी बाटली ओढनीत गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकली.

शालनताई आल्या, बघितलं, म्हनल्या, "ही कुनी बदलली गं?"

मी म्हनले, "मॅडमनी."

त्यांनी मान हलवली आन कामाला लागल्या. मॅडम कवा कवा बदल करत्यात, ही उजेडात चालत असंल असं त्यांना वाटलं. मी म्हनलेलं त्यांना खरं वाटलं, हे मला अजून टोचतं. ती पिशवी घरी नेऊन मी बाटली गोठ्यात पेंडीच्या डब्यामागं लपवली. आठ दिवस झाले, मी परत माझ्या जागेवर कटिंगला आले, आन खरं सांगते, इसरले बी.

महिना-सव्वा महिना गेला. आडसाली, म्हंजे पावसाळ्यातल्या लागनीच्या ऑर्डरी घेतलेल्या, शेतकरी फोन करत हुते, आन रॅकवरच्या बाटल्या पांढऱ्या पडाया लागल्या. आधी एका रॅकवर, मंग दुसऱ्या, मंग सगळ्या खोलीत. हिरवी रोपं लावली हुती आन आतनं येनारं नवं पान पिवळं, मंग कागदासारखं पांढरं. मेलेलं न्हाई हां, वाढत हुतं. मॅडमनी आमाला सगळ्यांना हुभं करून सांगितलं की ही रोपं बाटलीत जगतील, कारन जेलीत साखर हाय आन तंतुकणिका ती जाळून घेत्यात, म्हंजे आयतं खानं चालू हाय. पन बाहेर शेडनेटला नेली की मरनार. तिथं साखर कोन देनार? तिथं स्वतःची साखर स्वतः करावी लागती आन ती करनारे हिरवे दानेच ह्यांच्यात तयार झालेले न्हाईत. मी लेकीचं दूध तोडायच्या बेतात हुते त्या दिवसात. मला ती पांढरी रोपं बघवेनात.

मॅडमचा संशय औषधावर गेला. फुटव्याचं औषध जास्त पडलं तरी रोपं पांढरी येत्यात. आन औषध मोजतं कोन, शालनताई. आमच्यासमोर मॅडम मोठ्यानं बोलल्या न्हाईत, पन काचेची खोली, आमाला दिसत हुतं. शालनताई वही घेऊन हुभ्या, पान उलटतायत, बोटानं दाखवतायत, आन मॅडम मान हलवतायत. बाहेर आल्या त्या सरळ माझ्याकडं. मला म्हनल्या, "डोळ्याला कमी दिसतंय म्हनल्या मॅडम मला. सोमवारपर्यंत कारन सापडलं तर ठीक, न्हाई तर तुमी घरी आराम करा म्हनल्या." मंग म्हनल्या, "मने, खरंच दिसत नसंल का गं मला?"

त्या टायमाला मला माझ्या बाटलीचं आठवलं बी नव्हतं, शपथ. मी त्यांना म्हनले, न्हाई ताई, तुमची नजर चांगली हाय. आन जागेवर जाऊन पांढऱ्या रोपांची एक बाटली उचलून उजेडाकडं धरली. तवा मला दिसलं. खालचं जुनं पान हिरवंगार. वरचं नवं पान पांढरं, पन शिरा हिरव्या, रेघा मारल्यावानी. आन मला एकदम माझ्या माहेरचा खालचा वाफा दिसला.

माझं माहेर भीमेकडंला हाय. आन्नांच्या, म्हंजे माझ्या वडलांच्या, खालच्या वाफ्यात चुनखडी लई. तिथला ऊस दर साली पिवळा पडायचा, नवं पान पांढरं, शिरा हिरव्या. त्याला आमच्याकडं केवडा म्हनत्यात, केवडा पडला म्हनत्यात. मंग आन्ना हिराकस आनायचे, पान्यात कालवून फवारायचे, आन मी बारकी, त्यांच्या मागं मागं, बादली हलवत. आठ-दहा दिवसात शेंडा हिरवा व्हायचा. हे श्रीगोंद्यात कुठल्या बी पोराला माहीत हाय, पन बाटलीतल्या उसाला केवडा पडंल हे कुनाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तरी मी जेवनाच्या सुट्टीत आन्नांना फोन लावला. म्हनले, केवडा कशानं पडतो? आन्ना म्हनले, "कशानं म्हंजे, लोखंड भेटंना की पडतो, हिराकसात तेच असतं. जमिनीत असतं पन चुनखडी पिकाला घेऊ देत न्हाई. का गं, तुझ्या काचंच्या उसावर पडला का काय?" आन हसले.

मी फोन ठिवला. लोखंड. तपकिरी बाटली. खिडकी. हिला उजेड सोसत न्हाई.

पायरीवर बसले. कारन मला कारन सापडलं हुतं, आन ते कारन मी हुते. गप बसले तर सोमवारी शालनताई जानार. बोलले तर मी जानार, मंग लेकीला घेऊन परत उसाच्या खुरपनीला, आन आत्या म्हननार मी आधीच सांगितलं हुतं. आन मला ते काम लई आवडत हुतं. हे मी कुनाला सांगितलं नव्हतं तवर. नववीत शाळा सुटलेली मी, माझ्या हाताखाली खसखशीएवढं जितं हिरवं वाढत हुतं, त्याच्या आतलं मला कळाया लागलं हुतं, आन ते सगळं जानार हुतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातनं ती बाटली काढली, पेंड लागलेली ती पुसली, आन ओढनीत गुंडाळून नेली. मॅडमच्या टेबलावर ठिवली. मंग एका दमात सगळं सांगितलं, नळ, चीर, पांढरी बाटली, खिडकी, मॅडमनी बदलली म्हनून खोटं बोलले ते, केवडा, आन्ना, हिराकस, सगळं. मॅडमनी ती बाटली फिरवून फिरवून बघितली.

"दीड महिना ही कुठे होती?"

"गोठ्यात. पेंडीच्या डब्यामागं."

"आणि केवडा हे कुणी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. शिरा हिरव्या दिसल्या."

मॅडम उठल्या, मीडिया रूममधी गेल्या, खिडकीतली पांढरी बाटली उजेडात धरली. तळाला गाळ बसला हुता तांबडासा. मंग मला म्हनल्या, आत ये. आन तवा मला ते सांगितलं जे मी इचारलं नव्हतं. लोखंडाचं पानी उजेडात राहिलं की बिघडतं, मंग रोपाला ते घेता येत न्हाई. हिरवेपनात लोखंड नसतं, पन हिरवेपना तयार करायला लोखंड लागतं. मी म्हनले, म्हंजे भाकरीत तवा नसतो पन तव्याबिगर भाकर हुत न्हाई, तसं. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. कामावरनं काढायच्या येळेला मी भाकरीचं काय बोलले, असं वाटून मला रडूच आलं.

मॅडमनी काढलं न्हाई. म्हनल्या, आधी खरं आहे का बघू. नवं लोखंड घालून जेली केली, पांढरी रोपं धा बाटल्यात त्याच्यावर लावली, धा बाटल्या तशाच ठेवल्या. मला कटिंगवरनं काढून बाटल्या धुवायला बसवलं. आन शालनताईंना केबिनमधी बोलवून मॅडमनी त्यांची माफी मागितली, दार उघडं ठेवून, आमाला सगळ्यांना ऐकू यावं म्हनून. मॅडमबद्दल मला तवापासनं जे वाटतं ते मी लिहू शकत न्हाई.

शालनताई मात्र माझ्याशी बोलंनात. मी त्यांच्या पाया पडाया गेले तर पाय मागं घेतले. म्हनल्या, "बाटली फुटली त्याचं काय न्हाई. मी पहिल्या साली सहा फोडल्या. पन तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस, आन मी डोळे तपासून आले." त्यांनी खरंच त्याच सांजच्याला नगरला जाऊन डोळे तपासून आनले हुते.

ते दिवस मी बाटल्या धुतल्या. ब्रश आत घालायचा, फिरवायचा, उपडी मारायची. येता-जाता त्या धा बाटल्यांकडं बघायचं. पाच दिवस काय न्हाई. सहाव्या दिवशी मला वाटलं शेंड्याला जरा पोपटी हाय, पन माझ्या मनाचे खेळ म्हनून बोलले न्हाई. नवव्या दिवशी मॅडमनी हाक मारली. धा-च्या धा बाटल्यांत नवं पान हिरवं आलं हुतं. शेजारच्या धा तशाच पांढऱ्या.

मॅडमनी एका नव्या पानाचा पातळ काप घेतला, काचपट्टीवर थेंबभर पान्यात ठेवला आन मला सूक्ष्मदर्शकाजवळ बसवलं. म्हनल्या, आधी तू बघ. मला आधी काय दिसंना, माझीच पापनी दिसत हुती. मंग चाक फिरवलं आन एकदम दिसलं. खोल्याच खोल्या, भिंतीला भिंत लागून, आन प्रत्येक खोलीत कडंनं हिरवे दाने, मुगाच्या डाळीवानी, दाटीनं. मंग पांढऱ्या पानाचा काप बघितला. खोल्या तशाच, भिंती तशाच, आत दाने फिकट, इरळ, असून नसल्यासारखे. मी परत हिरवं बघितलं. मला आठवीतलं ते चित्र आठवलं, मी रंग बरोबर भरला हुता. नावं राहिली हुती, ती आता येत हुती. मी मोठ्यानं म्हनले, रिक्तिका, भिंत, हरितलवक. तंतुकणिका दिसंना. मॅडम म्हनल्या, ती ह्या यंत्रात दिसनार न्हाई, लई बारीक हाय, पन आहे. मी म्हनले, असंल, रोपं जगली ना.

सगळी रोपं वाचली न्हाईत. लई पांढरी पडलेली काय रॅकं टाकून द्यावी लागली, काय शेतकऱ्यांना रोपं उशिरा भेटली, त्यांचा हंगाम माझ्यामुळं सरकला, ते माझ्या नावावर हाय आन राहनार. पन बाकीची हिरवी झाली, शेडनेटमधी गेली आन जगली. एक ट्रे आन्नांनी नेली. खालच्या वाफ्यात न्हाई लावली, वरच्या लावली, ते काय येडे न्हाईत. मी गेले तवा डोक्याच्या वर ऊस गेला हुता. आन्नांनी कांडं मोडून दिलं, म्हनले, "घे, तुझ्या बाटलीतलं." मी चावलं आन लेकीला सांगितलं, हे गिळतीस ना ती रिक्तिका हाय. ती म्हनली, "रिक्तिका गोड हाय." आठवीच्या बाईंना ऐकवायला पायजे हुतं.

सहा महिन्याचे आठ केले मॅडमनी, मंग कायम केलं. आता शेतकरी आले की पेशीचं सांगायला मलाच पुढं करत्यात. मी ऊस सोलून हातात देते आन म्हनते, चावा, आता काय गिळलं ते सांगा. लोकं चावायची थांबत्यात, जशी मी थांबले हुते. शिकलेली मानसं बी थांबत्यात. तवा मला लई भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. नव्या पोरी लागल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना ती चिरलेली बाटली दाखवते, मॅडमनी ती कपाटात ठिवलीय. म्हनते, फुटलं की आधी मला येऊन सांगा, माझ्यापेक्षा मोठं नुकसान तुमाला जमनार न्हाई.

शालनताई हळूहळू बोलाया लागल्या. आधी कामापुरतं, मंग केवडाबाई म्हनून हाक मारायच्या, टोमना हुता पन हाक हुती. मीडियाला हाताखाली मला परत घेतलं, साखर तोलायला दिली, जेली ढवळायला दिली, बाटल्या भराया दिल्या. लोखंड मात्र स्वतः घालायच्या. माझ्यासमोर फ्रीज उघडायच्या, बाटली काढायच्या, मोजून घालायच्या, परत ठेवायच्या आन फ्रीजचं दार लावून त्याला टेकून हुभ्या राहायच्या. वर्सभर असं चाललं. मी कधी मागितली न्हाई.

ह्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी गडबड हुती, सगळ्यांना लवकर घरी जायचं. आमी दोघीच मीडिया रूममधी. जेलीत सगळं घालून झालं हुतं, लोखंड राहिलं हुतं. शालनताईंनी फ्रीज उघडला, बाटली काढली आन ओट्यावर न्हाई ठिवली. माझ्याकडं वळल्या.

"धर," म्हनल्या. "आन दोन्ही हातानं धर."

मी आधी बाटलीचा रंग बघितला. मंग धरली.